लिनक्स इन्स्टॉल करताना डिस्क आणि बूटच्या या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून घेण्यासाठी आमच्या दादरच्या घरी ओळखीपाळखीची माणसे येऊ लागली आहेत. त्यांतले बरेच जण स्वतः एकदा प्रयत्न करून, मशीन सुरू होत नाही म्हणून धास्तावलेले असतात. त्यांना मी आधी एवढेच सांगतो, की लॅपटॉप बूट होत नाही याचा अर्थ आतला डेटा गेला असा नव्हे. तो बहुधा जातो नंतर, घाईघाईने दुसऱ्यांदा इन्स्टॉल करताना.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे विंडोज यूईएफआय या मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने बसवलेले असताना लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू करणे. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोन ओळींत दिसतो. एका ओळीआधी यूईएफआय लिहिलेले असते, दुसरीआधी नसते. चुकीची ओळ निवडली तरी इन्स्टॉलेशन बऱ्याचदा निर्वेध पार पडते, आणि मग ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतून विंडोज सुरूच होत नाही. म्हणून विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ काय लिहिला आहे ते आधी पाहावे आणि पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने सुरू करावा.

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या एका जुन्या लॅपटॉपची अडचण निराळी होती. त्याच्या डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीचा पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशनची, नोंद) होता आणि विकणाऱ्याने सी, डी, ई वगैरे भाग पाडून चारही प्रायमरी (मुख्य) पार्टिशन वापरून टाकली होती. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशन चारच असू शकतात. त्यामुळे डिस्कवर ८० जीबी मोकळी असूनही इन्स्टॉलर ती जागा वापरू देत नव्हता. अशा वेळी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवे पार्टिशन करायला गेल्यास ते डिस्क ‘डायनॅमिक’, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या निराळ्या मांडणीची, करण्याची परवानगी मागते. ती कदापि देऊ नये, कारण लिनक्सच्या बहुतेक इन्स्टॉलरना तशी डिस्क नीट हाताळता येत नाही. शेवटच्या पार्टिशनमधील फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्याव्यात, ते पार्टिशन काढून टाकावे आणि त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्याच्या पोटात लिनक्ससाठी लॉजिकल पार्टिशन करावीत. जीपीटी या नव्या पद्धतीचा टेबल असलेल्या डिस्कवर हा प्रश्नच येत नाही.

यूईएफआय असलेल्या मशीनवर फॅट३२ स्वरूपाचे एक छोटे ईएफआय सिस्टीम पार्टिशन असते, बहुधा १०० एमबीचे. ते किरकोळ समजून फॉरमॅट केले, की विंडोजच्या बूट फाइली पुसल्या जातात. इन्स्टॉलरमध्ये ते निवडावे, पण फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा पाहावे.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलेच राहते आणि त्याची पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडत नाहीत. म्हणून ते आधी बंद करावे. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप, चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगना) हातही लावू नये. लिनक्सला जागा करण्यासाठी विंडोजचे पार्टिशन लहान करायचे ते विंडोजमधूनच करावे, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मुसळधार पावसाच्या दिवशी हे काम काढू नये, कारण डेटा सरकवला जात असताना वीज गेली तर ते पार्टिशन हातचे जाऊ शकते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत चालू असल्याचा तो परिणाम असतो. बायोसमध्ये एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत निवडल्यास डिस्क दिसू लागते; मात्र त्याआधी विंडोजचे पुढचे बूट सेफ मोडमध्ये लावून ठेवावे, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते.

लिनक्सचे किंवा ग्रबच्या फाइलींचे पार्टिशन हलले की पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते. हे पाहून पुन्हा इन्स्टॉल करू नये. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) सिस्टीम सुरू करावी, लिनक्सचे मूळ पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन माउंट करावे, म्हणजे त्या सिस्टीमला जोडावे, क्रूट या कमांडने त्यात शिरावे आणि ग्रब नव्याने बसवून त्याचा मेनू अद्ययावत करावा. मेनूत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून ओएस-प्रोबर हा इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम मूलतः बंद ठेवलेला असतो हे लक्षात घेऊन ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करावा.

चुकून पार्टिशनच काढले गेले असेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये, मशीन लगेच बंद करावे आणि लाइव्ह सिस्टीममधून टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन शोधणारे सॉफ्टवेअर चालवावे. हरवलेले पार्टिशन सापडले, तरी टेबल दुरुस्त करण्याआधी त्यातील फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.