पेरं मोजायला शिकले त्याची गोष्ट

माझी शाळा खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. बेळगावात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रोजेक्टला झेब्राफिश मिळाला. आई म्हणाली, "हाडांचा अभ्यास करायचा आणि तो बोटभर माशावर?"

शेपटीचा पर सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उत्तर दिसतं. पराच्या आत हाडाच्या बारीक काड्या असतात, उसासारख्या पेरापेरांच्या. वाढ होते ती शेंड्याला, नवं पेर जोडून. ट्रायकेनच्या पाण्यात माशाला गुंगी आणून निम्मा पर कापला, तर दिवसभरात जखमेवर कातडी येते. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास तिच्याखाली पेशींचा गोळा जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. कापल्या जागेजवळच्या हाड घडवणाऱ्या तयार पेशी आपलं पक्केपण सोडतात, विभागतात आणि पुन्हा हाडच घडवतात. पाणी २८.५ अंशांवर असेल तर दोन-तीन आठवड्यांत पर जवळजवळ पहिल्याएवढा होतो. आपलं मोडलेलं हाड सांधतं, पण तुटलेलं बोट उगवत नाही. म्हणून तर हा मासा मला इतका मोलाचा वाटतो.

आता माझी चूक ऐका. पहिल्या बारा माशांचे पर मी अंदाजाने कापले, कुणाचा मुळाजवळ, कुणाचा टोकाकडे. मुळाजवळ कापलेला पर भरभर वाढतो, टोकाकडचा सावकाश. किती गेलंय याची आठवण पराला असते! माझ्या सरासरीला काही अर्थच उरला नाही, महिना वाया गेला. तेव्हा कापण्याआधी फोटो घ्या, मुळापासून पेरं मोजा, सगळ्यांचा पर एकाच पेरावर कापा. बेळगावच्या डिसेंबरात रात्री हीटर तपासा, गार पाण्यात वाढ मंदावते. आणि प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय कात्रीला हात लावू नका.

पुढे जायचं तर पुण्याची आघारकर संस्था, मुंबईची टीआयएफआर, बंगळूरची एनसीबीएस आणि हैदराबादची सीसीएमबी या संशोधन संस्थांत झेब्राफिशवर काम चालतं. नेट परीक्षेची वाट बघत बसू नका. तीन विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला आधी अर्ज करा. इंग्रजीची धास्ती मलाही होती. मी नोंदी मराठीत लिहायचे, मग इंग्रजीत उतरवायचे.

अर्जासोबत मी त्या बारा माशांच्या आकड्यांचं बिघडलेलं टेबलच जोडलं, खाली कारण लिहून. मुलाखतीचा निम्मा वेळ त्याच्यावरच गेला.