बेळगावात राहून गॅरेज रॉकच्या कलाकाराचा पाठपुरावा कसा करावा

गॅरेज रॉक म्हणजे खरखरीत गिटारचं, साधंसुधं, रांगडं रॉक संगीत. त्यातलं गाणं मंचावर वाढतं. अल्बममध्ये तीन मिनिटांत आटपलेलं गाणं कार्यक्रमात दहा मिनिटं चालतं, त्याचा वेग बदलतो, मधेच ते दुसऱ्याच गाण्यात शिरतं. म्हणून नुसते अल्बम ऐकून या मंडळींची कारकीर्द कळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाच्या वाट्याला यातले बहुतेक कार्यक्रम दुरूनच येतात, पण पद्धत धरली तर साथ सुटत नाही.

१. आधी माणसाचं नाव धरा

कॅलिफोर्नियाचा गायक-गिटारवादक टाय सीगॉल घ्या. २०१२ या एका वर्षात त्याचे तीन अल्बम आले: ‘हेअर’ व्हाइट फेन्स या बँडच्या जोडीने, ‘स्लॉटरहाउस’ टाय सीगॉल बँडच्या नावावर आणि ‘ट्विन्स’ एकट्याच्या नावावर. शिवाय फझ या बँडमध्ये तो ड्रम वाजवत गातो. एकच पान फॉलो करणाऱ्याचं यातलं बरंचसं निसटतं. कॅलिफोर्नियाचाच दुसरा गॅरेज रॉकवाला जॉन ड्वायर, त्याच्या बँडचं तर नावच बदलत आलं आहे. ओसीएस, दी ओ सीज, ओ सीज आणि २०२० पासून ओसीज. शोधताना प्रत्येक स्पेलिंग वेगळं टाकावं लागतं.

लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, त्याही लिहून ठेवा. सीगॉलचा पहिला एकल अल्बम २००८ मध्ये ड्वायरच्याच कॅसल फेसने काढला. छोट्या लेबलवरची माणसं एकमेकांच्या बँडमध्ये वाजवत असतात, त्यामुळे ड्रमरच्या नावावरून पुढचा बँड सापडतो. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या संकेतस्थळावर कलाकाराच्या पानात साथीला वाजवल्याचीही नोंद असते, ती वाचायची सवय लावा.

२. दोनशे पानी वही करा

रकाने सहा: तारीख, गाव आणि हॉल, बँडचं त्या दिवशीचं नाव, साथीदार, गाण्यांचा क्रम, ध्वनिमुद्रण कुठे मिळालं. गाण्यांचा क्रम सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर मिळतो. तो चाहतेच भरतात, त्यामुळे चुका दोन ठिकाणी होतात: नवं, अजून न आलेलं गाणं गाळलं जातं आणि दुसऱ्याचं उसनं गाणं कलाकाराच्या नावावर पडतं. व्हिडिओशी ताडून मगच वहीत उतरवा.

एका दौऱ्यातले लागोपाठचे तीन कार्यक्रम शेजारी-शेजारी मांडले की खरी मजा कळते. कुठलं गाणं रोज जागा बदलतं, कुठलं दोनदा वाजून गळलं, कुठलं रोज लांबत चाललंय. ज्याला अजून नाव नाही असं गाणं तिन्ही रात्री दिसलं तर त्यावर खूण करा. पुढच्या अल्बममध्ये ते असण्याची शक्यता बरीच.

३. घड्याळाचा हिशेब

लॉस एंजेलिसचं घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास असतं. तिथला शुक्रवार रात्री नऊचा कार्यक्रम म्हणजे आपला शनिवार सकाळी साडेनऊ किंवा साडेदहा. लंडनचा रात्री नऊचा कार्यक्रम आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड किंवा अडीचला लागतो. घोळ होतो तो मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास, कारण अमेरिका आणि युरोप घड्याळं एकाच आठवड्यात बदलत नाहीत. थेट प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा आणि वीज गेली तर म्हणून मोबाइल डेटा राखून ठेवा.

४. ऐकायचं काय

सुरुवात सिएटलच्या केईएक्सपी रेडिओच्या सत्रांपासून करावी. तिथे प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा घेतलेला असतो. प्रेक्षकांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ दुसऱ्या फेरीत ऐका. फझ पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या यंत्राचा, मोठा आवाज मोबाइलच्या माइकला झेपत नाही, तो फाटतो आणि फोन आपोआप आवाज दाबतो; मग ड्रम पडला की गिटार बुडाल्यासारखी वाटते. तो दोष बँडचा नव्हे. हॉलच्या मागच्या बाजूने घेतलेला व्हिडिओ निवडा.

५. पैसे कलाकारापर्यंत पोहोचवा

बँडकॅम्प हे कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायचं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापून घेतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून जाहीर केलेल्या शुक्रवारी हा वाटा सोडला जातो. तो दिवस पॅसिफिक, म्हणजे लॉस एंजेलिसच्या, वेळेनुसार मोजतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या शुक्रवारी दुपारी साडेबारापासून शनिवारी साडेबारापर्यंत. कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा. बहुतेकदा तिथेच अडलेलं असतं. विनाइल, म्हणजे तबकडीची रेकॉर्ड, मागवताना टपालखर्च आणि कस्टम धरून किंमत काढा. दोघा-तिघांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर टपालखर्च वाटला जातो.

६. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना

बाहेरचा कलाकार भारतात आलाच तर मुंबई, पुणे, बेंगळुरू हीच ठिकाणं धरून चला. बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सोयीची. परतीचं तिकीट मात्र दुसऱ्या दिवसाचं काढा, कारण कार्यक्रम उशिरा सुरू होतात. अधल्यामधल्या महिन्यांत पुण्या-गोव्यातले छोटे बँड ऐका. कान तयार होतो तो छोट्या खोलीतल्या आवाजानेच.

उभं कुठे राहायचं? अगदी पुढे गेलात तर गिटारचे ॲम्प थेट अंगावर येतात आणि गाणं ऐकूच येत नाही, कारण गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येतो. ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ मिश्रण सगळ्यात नीट लागतं. पहिली दोन गाणी पुढे अनुभवावी, मग मागे सरकावं.

कानात फोमचे बोळे घालायलाच हवेत. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, बोळा आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कोंबलेला बोळा फुगून बाहेर येतो आणि काही उपयोग होत नाही.

७. पावसाळा आणि रेकॉर्ड

खानापूरकडच्या पावसात कागदी आतलं पाकीट ओल धरतं आणि रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. जूनच्या आधी कागदी पाकिटं बदलून प्लास्टिकच्या अस्तराची घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला. आडव्या चळतीत ठेवलेली रेकॉर्ड वाकते, आणि वाकलेली सहसा सरळ होत नाही.