गार्डचा बाहेरचा शॉट लागत नसेल तर

बास्केटबॉलमध्ये गार्डचे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या खेळाडूचे, लांबून घेतलेले शॉट सलग काही सामने चुकले की पहिला संशय त्याच्या हाताच्या ठेवणीवर घेतला जातो आणि ऐन हंगामात कोपर आत घे, मनगट सोड अशा सूचनांचा भडिमार सुरू होतो. तंत्राला हात लावण्यापूर्वी नेमके कोणते शॉट चुकत आहेत हे पाहावे. सामन्यांच्या चित्रफिती घेऊन प्रत्येक थ्री-पॉइंटरची, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून घेतलेल्या शॉटची, नोंद करावी: तो पास झेलून लगेच घेतला होता की ड्रिबल करत थांबून, समोर बचावपटूचा हात होता की नव्हता, आणि शॉट क्लॉकवर (शॉट घेण्यासाठी संघाला मिळणारा ठरावीक वेळ मोजणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद उरले होते. अनेकदा असे दिसते की मोकळे शॉट बऱ्यापैकी लागत आहेत आणि टक्केवारी खाली ओढणारे शॉट मुळात घ्यायलाच नको होते. शिवाय शंभर प्रयत्नांत 33 आणि 36 टक्के यांतला फरक अवघ्या तीन बास्केटचा असतो, त्यामुळे चार-पाच सामन्यांच्या आकड्यांवरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

तंत्र खरोखर बिघडले आहे का, याची सोपी कसोटी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, ही आहे. तिथे अंतर ठरलेले असते आणि अडवणारा कोणी नसतो. फ्री थ्रो चांगले लागत असतील तर हात बहुधा ठीक आहे आणि दोष अंतर, पायांची तयारी किंवा शॉटची निवड यांत शोधावा. तेही चुकत असतील तर चेंडू कुठे आदळतो ते पाहावे. डावी-उजवीकडे जाणारे शॉट बहुधा आधार देणाऱ्या दुसऱ्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलत असल्याचे किंवा कोपर रेषेबाहेर गेल्याचे लक्षण असते. रिंगच्या पुढच्या कडेला लागणारे शॉट पायांतला जोर कमी पडल्याचे किंवा चेंडूचा मार्ग सपाट झाल्याचे असते. सपाट शॉटचे नुकसान भूमितीतच आहे. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर असतो आणि पुरुषांच्या चेंडूचा सुमारे 24. चेंडू 30 अंशांच्या कोनात खाली आला तर त्याच्या वाटेला रिंगची जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर रुंदी येते, म्हणजे तो कडेला न लागता आत जाऊच शकत नाही, तर 45 अंशांत जवळपास 32 सेंटिमीटर मिळतात. सराव म्हणूनच रिंगजवळून सुरू करावा आणि चेंडूची उंची टिकून आहे तोपर्यंतच एकेक पाऊल मागे सरकावे. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत खांद्यातून ढकलण्याची सवय लागली असेल तर थोडे पुढे येऊन पुन्हा बांधणी करणे हिताचे. तंत्रातला मोठा बदल मात्र हंगाम संपल्यावरच करावा.

खरे काम निर्णयाचे आहे, आणि तो चेंडू हातात येण्याआधीच अर्धा झालेला असावा लागतो. पास येत असताना गार्डने गुडघे वाकवून, पाय रिंगच्या दिशेने ठेवून आपला बचावपटू किती लांब आहे आणि तो कोणत्या वेगाने येत आहे हे पाहिलेले असले पाहिजे. तो दूर थांबला असेल तर शॉट. धावत, ताठ उभा राहून येत असेल तर त्याच्या पुढच्या पायाच्या बाजूने ड्रिबल. आणि मदतीला दुसरा बचावपटू सरकला असेल तर ज्याला सोडून तो आला त्याला पास. या तिन्हींपैकी काहीही न करता चेंडू धरून उभे राहणे सर्वांत महाग पडते, कारण त्या एका सेकंदात मिळालेली मोकळीक संपते आणि पुढचा शॉट कोणाच्या तरी हातावरून घ्यावा लागतो.

पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सहकारी गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहून अडसर (स्क्रीन) करतो आणि मग रिंगकडे वळतो (रोल करतो) त्या डावात, हेच वाचन थोडे गुंतागुंतीचे होते. गार्डचा बचावपटू स्क्रीनच्या मागून जात असेल तर स्क्रीनच्या आडूनच शॉट घ्यायचा असतो. तो गार्डला चिकटून स्क्रीनच्या पुढून येत असेल आणि उंच बचावपटू रिंगपाशी मागे थांबला असेल तर आत शिरून फ्लोटर (धावता धावता हळूच उंच सोडलेला शॉट) किंवा मधल्या अंतराचा शॉट उरतो. आणि दोघेही चेंडूवर आले तर लगेच पास द्यायचा असतो. अडखळणारा गार्ड फक्त या दोघांकडेच पाहतो, असा माझा अनुभव आहे. पाहायला हवे ते विरुद्ध कोपऱ्यातल्या बचावपटूकडे, कारण रोल करणाऱ्याला अडवायला तो आत आला की कोपऱ्यातला सहकारी मोकळा होतो.

निवडीचा हिशेब खेळाडूला आकड्यांत दाखवावा. रेषेच्या आत एक पाऊल टाकून घेतलेला दोन गुणांचा शॉट 40 टक्के लागला तरी प्रत्येक प्रयत्नामागे 0.80 गुण मिळतात, तर मोकळा थ्री-पॉइंटर 35 टक्के लागला तरी 1.05.

सरावात शंभर शॉट एकट्याने मारण्यापेक्षा प्रशिक्षकाने पास देऊन धावत यावे, कधी हात वर करावा, कधी अर्ध्यात थांबावे, आणि गार्डने त्यानुसार शॉट, ड्रिबल किंवा पास निवडावा. गुण बास्केटला नव्हे तर योग्य निवडीला द्यावेत. सुरुवातीला हे खेळाडूला विचित्र वाटते, हेही खरे.

एक गोष्ट मात्र करू नये: त्याला बाहेरून शॉट घेऊ नकोस असे सांगू नये. तसे केल्यास त्याचा बचावपटू आत सरकून रिंगपाशी गर्दी करतो आणि सगळ्या संघाच्या वाटा बंद होतात. जेसन किड या गार्डची एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या पहिल्या हंगामातली, म्हणजे 1994-95 मधली थ्री-पॉइंटरची टक्केवारी 27 च्या आसपास होती. 2013 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक थ्री-पॉइंटर नोंदवणाऱ्यांत तो तिसरा होता. त्यामुळे पास झेलून मोकळा असताना शॉट घेणे बंधनकारक ठेवावे, ड्रिबलवरून घेतलेला थ्री-पॉइंटर काही काळ शॉट क्लॉकच्या शेवटच्या सेकंदांपुरता राखावा, आणि बचावपटू फारच मागे राहत असेल तर पास दिल्यावर उभे न राहता त्याच्या पाठीमागून रिंगकडे कट मारण्याची किंवा जाऊन सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावण्याची सवय गार्डला लावावी.