भावनांवर प्रोजेक्ट करताय? आधी 'कधी' ते ठरवा

नाशिकच्या कॉलेजांत मानसशास्त्राच्या एमएच्या मुलांना प्रोजेक्टचा टॉपिक विचारला, की उत्तर बहुधा ठरलेलं: 'महाविद्यालयीन मुलामुलींच्या भावनिक बुद्धिमत्तेचा तुलनात्मक अभ्यास'. पन्नास मुलगे, पन्नास मुली, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी), बाइंडिंग. पास व्हायला एवढं पुरतं. पण व्हायव्हात 'हाच प्रश्न का घेतला?' असं विचारलं, की गाडी अडते. मी तर म्हणेन, एकच भावना घ्या आणि ती कोणत्या वेळची मोजणार, हे गाइडकडे जाण्याआधीच ठरवा.

'पॅनास' ही भावना मोजायची प्रश्नावली बघा. वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांची, १९८८ची. वीस शब्द, दहा सुखद आणि दहा अप्रिय भावनांचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. वरच्या सूचनेत काळ आपण निवडायचा असतो: आत्ता, आज, गेल्या आठवड्यात, किंवा एरवी. बहुतेक जण ती ओळ न वाचताच झेरॉक्स मारतात. मग फेब्रुवारीत आभाळ भरून आलेलं असताना, बागेत द्राक्षं काढणीला आलेली असताना, निफाडहून एसटीने आलेला मुलगा 'आत्ता'चा फॉर्म भरतो. त्याच्या भीतीचे गुण चढणारच! आणि निष्कर्षात छापलं जातं, 'ग्रामीण विद्यार्थी अधिक चिंताग्रस्त'.

'गेल्या आठवड्यात कसं वाटलं?' या प्रश्नाचीही गंमत आहे. उत्तर आठवणीतून येतं आणि आठवण सगळे क्षण सारखे धरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना १४ अंशांच्या थंड पाण्यात एकदा ६० सेकंद हात बुडवायला लावला; दुसऱ्यांदा तेवढंच करून वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा कोणतं कराल म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. शेवट जरा सुसह्य होता ना!

म्हणून मला रोजनिशीची पद्धत आवडते. पंचवीस जण, आठवडाभर, दिवसातून तीनदा व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटा फॉर्म. सगळ्यांनी भरला तर ५२५ नोंदी होतात. मात्र ५२५ माणसं असल्यासारखी टी-टेस्ट लावू नका. एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींत गुंतलेल्या असतात. सोपा मार्ग म्हणजे आधी प्रत्येकाची सरासरी काढायची. 'सॅम्पल लहान आहे' असं गाइड म्हणतीलच, तेव्हा हाच हिशेब कागदावर मांडून दाखवा.

संमतीपत्र हवंच, अकरावी-बारावीची मुलं घेतलीत तर पालकांचंही. दुःखावर प्रश्न असतील तर फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. समुपदेशक व्हायला जाऊ नका, तुम्ही अजून शिकताय.

आणि डाटा दिवाळीच्या तोंडावर गोळा करू नका. निम्मी मुलं गावी पळालेली असतात, उरलेली मनाने पळालेली. सणाची हुरहूर हाच टॉपिक असेल, तर गोष्ट वेगळी.