पिल्लांच्या पोटातलं विरजण

आईखाली वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाला तिच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जिवाणू आपोआप मिळतात. हॅचरीचं, म्हणजे यंत्रात उबवलेलं पिल्लू आईला न बघताच खोक्यातून शेडवर येतं, पोट जवळजवळ कोरं. तिथं साल्मोनेलासारख्या रोगाच्या जिवाणूंआधी चांगल्या जिवाणूंनी बस्तान मांडावं, म्हणून भोरला माझ्या चारशे पक्ष्यांच्या शेडवर पिल्लं उतरली की त्याच दिवशी मी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पाकिटातली पावडर, सुरू करते.

ते पाकीट म्हणजे विरजण समजा. कढत दुधात आपण विरजण लावतो का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणीही त्याला मारतं. मी विहिरीचं पाणी आदल्या रात्री उकळून गार करते, चार तासांत संपेल एवढंच ढवळते आणि उरलेलं ओतून ड्रिंकर घासते.

खाद्यात घालायचं तर जिवाणूचं नाव वाचा. सुरुवातीला मी लॅक्टोबॅसिलसची पावडर मिसळून खाद्य पेलेट करायला, म्हणजे वाफेवर दाबून गोळ्या करायला दिलं होतं. वाफेच्या उष्णतेत ते जिवाणू तग धरत नाहीत. पैसे मातीत गेले. पेलेटसाठी बॅसिलस सबटिलिस घ्या, त्याचे बीजाणू उष्णता सोसतात. आता मी घरचा भरडाच वापरते. पाकिटावरचं प्रमाण आधी किलोभर भरड्यात कालवायचं, मग दहा किलोत, मग सगळ्या ढिगात. एकदम टाकलं तर काही पक्ष्यांना मिळतच नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं असेल तर तो डोस पूर्ण होऊ द्या, प्रोबायोटिक त्यानंतर.

आता मांसाचं. प्रोबायोटिकनं चव येते असं मी गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाही. चव जातीची, वयाची, हिंडण्याफिरण्याची. पोट ठीक असलं की विष्ठा घट्ट पडते, शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस कोरडं राहतं, छातीला फोड आणि तळपायाला चट्टे कमी येतात. हा फरक सोललेल्या कोंबडीवर डोळ्यांना दिसतो. पण तूस रोज हलवलं नाही, शेडमध्ये अमोनियाचा वास कोंडला, तर कुठलंही पाकीट उपयोगाचं नाही.

कापायच्या आधी आठ ते दहा तास खाद्य बंद ठेवा, पाणी मात्र पकडेपर्यंत चालू. भरलेलं आतडं साफ करताना फुटलं, तर आतली घाण मांसाला लागते आणि चाळीस दिवस जपलेलं सगळं त्या एका क्षणात जातं. पक्षी पहाटे गारव्यात पकडा, दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून. उन्हात धावपळ झालेल्या कोंबडीचं मांस फिकट पडतं आणि परातीत पाणी सोडतं.