ऊन न पडलेल्या उन्हाळ्यात या चुका टाळा

२०२५ सालचा मे महिना ज्यांनी कोकणात काढला, त्यांना उन्हाळा पावसात कसा बुडतो हे वेगळे सांगायला नको. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात उतरला आणि २६ मे रोजी मुंबईत हजर झाला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याआधीही अवकाळीच्या सरी चालूच होत्या. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामे ज्या पंधरा-वीस दिवसांत उरकायची ते दिवस ढगांखाली गेले, आणि त्यांना जोडूनच नेहमीचा चार महिन्यांचा पावसाळा सुरू झाला. परसात भाजी पिकवून मला वीसेक वर्षे झाली. अशा वर्षी लोक त्याच त्या चुका करतात, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच घाईपोटी होतात: ऊन कमी पडले म्हणून त्याच्या जागी दुसरे काहीतरी दुप्पट ओतायचे. ते कधी कुंडीत ओतले जाते, तर कधी स्वतःच्या पोटात.

कोवळ्या उन्हाचा भरवसा

सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात दहा मिनिटे उभे राहिले की 'ड' जीवनसत्त्व मिळते, असा समज घरोघरी आहे आणि तो कितीही वेळा खोडला तरी पुन्हा उभा राहतो. आपल्या त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील 'अतिनील ब' किरण लागतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना या किरणांना वातावरणाचा लांब पट्टा पार करावा लागतो आणि त्यांचा बहुतेक भाग वाटेतच शोषला जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा बरीच लांब पडत असेल, तर त्या उन्हातून ऊब मिळते, 'ड' जवळजवळ मिळत नाही. कामाचे ऊन साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळातले असते. विरळ ढगांतून त्यातले काही किरण येतात, काळ्या ढगांतून फार थोडे येतात, आणि बंद खिडकीच्या काचेतून तर जवळपास येतच नाहीत. त्यामुळे काचेआड खुर्ची टाकून उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एरवीच्या मे महिन्यात तरी आपण दुपारी बारा वाजता घराबाहेर कुठे असतो? जे लोक दिवसभर कचेरीत किंवा घरातच असतात, त्यांचे 'ड' पावसाने नेले असे म्हणणे म्हणजे पावसावर आळ घेणे आहे. 'ड'चा साठा शरीर चरबीत राखून ठेवते आणि रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे आठवडाभराच्या झडीने कोणी आजारी पडत नाही. चार-पाच महिन्यांच्या ढगाळीने मात्र आधीच काठावर असलेला माणूस खाली जाऊ शकतो. माझी सवय अशी आहे की पावसाळ्यात उघडीप मिळाली आणि वेळ दुपारची असली, की बाह्या व पायजमा दुमडून मी वीस-पंचवीस मिनिटे भाजीत काम करतो. त्वचा जितकी सावळी तितका वेळ जास्त लागतो, हे गोऱ्या लोकांच्या देशांतले तक्ते वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आहारातून 'ड' फार थोड्या गोष्टींत मिळते. बांगडा आणि तारली यांत ते चांगले असते, पण १ जूनपासून दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे ऊन जाते त्याच वेळी बांगडाही जातो. अंड्याच्या बलकात थोडे असते. शाकाहारी घरांनी पिशवीवर अधिकचे चिन्ह आणि 'एफ' अक्षर असलेले, जीवनसत्त्वे घातलेले दूध घ्यावे. विकतची अळिंबी दुपारच्या उन्हात खालची बाजू वर करून ठेवली तर तिच्यातही 'ड' तयार होते. पण त्यासाठी पुन्हा ऊनच लागते.

आठवड्याची गोळी रोज घेणे

या चुकीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण ती मी जवळून पाहिली आहे. माझ्या नात्यातील एका काकांची सत्तरी उलटली होती. एका ढगाळ वर्षी त्यांचे पाय दुखू लागले, रक्त तपासले, 'ड' कमी निघाले. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घेण्यास सांगितले. काकांनी दोन आठवडे नियम पाळला आणि मग स्वतःच हिशेब मांडला: बाहेर ऊन मुळीच नाही, पाय अजून दुखतात, म्हणजे औषध कमी पडते आहे. त्यांनी तीच गोळी रोज दुधाबरोबर घेण्यास सुरुवात केली. दुकानात चिठ्ठी कोणी मागितली नाही. जीवनसत्त्व म्हणजे ताकद, आणि ताकद जास्त झाली म्हणून कोणाचे बिघडत नाही, हे त्यांचे तत्त्वज्ञान होते, आणि घरात त्यांच्यापुढे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

दीड महिन्यानंतर त्यांना अन्न नकोसे झाले. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, आणि शेवटी बोलण्यात असंबद्धपणा. घरच्यांना वाटले की पावसाळी काविळीची लागण असावी. इस्पितळात रक्तातील कॅल्शियम फार वाढलेले आढळले. 'ड'मुळे आतडी अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतात, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की मूत्रपिंडांवर ताण येतो. 'क' जीवनसत्त्वाचा जादा भाग लघवीवाटे निघून जातो, 'ड'चा जात नाही. तो चरबीत बसून राहतो. म्हणून गोळ्या बंद केल्यावरही काकांना सावरण्यास कित्येक आठवडे लागले. "अहो, पावसाळ्यासाठी म्हणूनच घेतल्या होत्या ना," असे ते त्यानंतरही म्हणत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात. साठ हजारांची गोळी म्हणजे शंभर दिवसांची बेगमी एका घोटात. ती कमतरता भरून काढण्यासाठी, रक्ततपासणीनंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यावी. मी कॅलेंडरवर त्या वाराला गोल करतो आणि गोळी घेतल्यावर गोलावर फुली मारतो. गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतो, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर चांगले शोषले जाते. तान्ह्या बाळांना बालरोगतज्ज्ञ 'ड'चे थेंब रोज देण्यास सांगतात; ते थेंब मोजूनच द्यावेत, झाकणाने अंदाजे ओतू नयेत.

पिवळे पान दिसले की युरिया

काकांनी स्वतःच्या शरीराशी जे केले, तेच नवीन बागप्रेमी पालकाशी करतात. आमच्या शेजारच्या घरात मुंबईहून परतलेला एक होतकरू तरुण गच्चीवर भाजी करू लागला. पालक, मेथी, लाल माठ अशा वीस-बावीस कुंड्या होत्या. जूनमध्ये पाने पिवळी पडू लागली, तेव्हा त्याने मोबाइलवर पाहून प्रत्येक कुंडीत चमचाभर युरिया टाकला. आठ दिवसांत पाने अशी गर्द हिरवी झाली की तो मला मुद्दाम बोलावून दाखवू लागला. मी एक पान दुमडून पाहिले. ते कचकन मोडण्याऐवजी ओल्या कागदासारखे वाकले. पुढच्या आठवड्यात पानांच्या पाठीवर मावा ही रस शोषणारी कीड आली, त्यानंतर देठ बुडाशी कुजले, आणि जुलै उजाडायच्या आत सगळ्या कुंड्या रिकाम्या झाल्या. त्याने दोष बियाण्याला दिला.

बियाण्याचा दोष नव्हता. लख्ख उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. दाट ढग असले की तो दहा हजारांच्याही खाली येऊ शकतो. मुळांनी खतातून घेतलेल्या नायट्रेटपासून, म्हणजे नत्राच्या एका रूपापासून, प्रथिने तयार करण्यासाठी पानाला जी ऊर्जा लागते, ती याच प्रकाशातून येते. प्रकाश नाही आणि खत मात्र भरपूर, अशा वेळी नायट्रेट पानातच साचून राहते, पेशी पाण्याने फुगतात, आणि असे लुसलुशीत पान मावा व बुरशी दोघांच्याही पसंतीचे असते. खाणाऱ्यालाही त्यातून कमीच मिळते: कमी प्रकाशात वाढलेल्या पालेभाजीत 'क' जीवनसत्त्व कमी असते. ढगाखाली पिकलेला टोमॅटो फिका आणि पाणचट लागतो, तेही यामुळेच. त्याची साखर पानात तयार व्हायची असते आणि पानाला काम करायला प्रकाशच मिळालेला नसतो.

पान पिवळे का पडले हे आधी पाहावे. माती ओली आहे आणि झाड तरीही मान टाकते आहे, तर मुळे गुदमरली आहेत. त्यांना खत नव्हे, हवा हवी. कुंडी विटांवर उचलावी, तळाची भोके काडीने मोकळी करावीत, वरची माती हलकेच उकरावी आणि दोन दिवस थांबावे. फक्त खालची, जुनी पाने पिवळी पडत असतील, तर पावसाने नत्र वाहून गेले असण्याचा संभव आहे. तेव्हा मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. मी जून ते ऑगस्ट युरियाचा डबा उघडतच नाही. पालेभाजी तोडायची तर उघडिपीच्या दिवशी दुपारनंतर तोडतो, कारण काही तास प्रकाश मिळाल्यावर पानातील नायट्रेट उतरते. आणि पालक पावसाळ्यात हवाच कशाला, हा माझा खरा प्रश्न आहे. परसाच्या कडेला अळू आहे, पहिल्या पावसाबरोबर बांधावर टाकळा उगवतो, शेवग्याचा पाला हाताशी आहे. ज्या भाज्यांना हे दिवस मानवतात त्या सोडून, ज्यांना मानवत नाहीत त्यांना खत पाजून उभे करण्याची हौस मला कधी कळली नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

एप्रिलच्या उन्हासाठी बांधलेली हिरवी जाळी पावसातही तशीच ठेवणे. ढगांनी प्रकाश आधीच खाल्लेला असतो, उरलेल्यातला अर्धा जाळी खाते. पहिली सर आली की जाळी उतरवा.

उन्हाळ्यातली आळी तशीच ठेवणे. आळे पाणी धरण्यासाठी असते. पावसाळ्यात तिथे वरंबा हवा.

वाफसा, म्हणजे ओल असूनही माती मोकळी राहील अशी स्थिती, नसताना माती उकरून बी पेरणे. चिखलात पेरलेले बी कुजते, आणि कुजल्यावर पुन्हा पेरावे लागते, म्हणजे घाई करून आठवडा वाया जातो.

काकडी-दोडक्याची फुले गळतात म्हणून टॉनिक फवारणे. पावसात मधमाशी फिरत नाही आणि परागकण भिजतात, हे त्यामागचे कारण आहे. सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मागे लहान काकडी असलेल्या मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ओले बूट आणि ओले मोजे घालून बागेत वावरणे. चिखल्या होतात, आणि पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरल्यास लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

बोर्डो मिश्रण घाईने करणे

करपा आणि कोळेरोग या बुरशीच्या रोगांसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण आजही माझ्या मते सर्वांत खात्रीचे आहे, पण ते पाऊस लागण्यापूर्वी मारायचे असते. मेमध्येच पाऊस लागला की लोक घाबरून मिळेल त्या बादलीत मोरचूद आणि चुना एकत्र ढवळतात. पाच लिटरसाठी ५० ग्रॅम मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि ५० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात, असे प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, चुन्याची निवळी गाळून, दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडाव्यात. लोखंडी बादली वापरू नये. नंतर त्यात स्वच्छ खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे आणि ते पाने जाळेल, म्हणून चुन्याचे पाणी आणखी घालावे. मिश्रण त्याच दिवशी, पाने कोरडी असताना वापरावे. उघडीप नसेल तर फवारू नये. ओल्या पानावर मारलेले औषध गटारात जाते.

बुरशी पुसून वाळवण पुन्हा डब्यात भरणे

मिरच्या, शेंगदाणे, सुके खोबरे अर्धवट वाळले आणि त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली, की आपल्याकडे ते फडक्याने पुसून तव्यावर परततात. यांतल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात, आणि ते नेहमीच्या भाजण्या-तळण्याने नष्ट होत नाही. असा माल टाकून द्यावा, गुरांनाही घालू नये. किलोभर मिरच्या टाकताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे.

त्यापेक्षा ऊन नसेल त्या वर्षी उन्हाचे पदार्थ करण्याचा हट्ट सोडावा. आमसुलांना रसाचे पुट देऊन पुन्हा पुन्हा वाळवावे लागते, आणि त्यासाठी सलग कडक ऊन हवे. आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, मात्र रातांबे (कोकमाची फळे), भरपूर मीठ आणि झाकणाची बरणी पुरते. आंब्याच्या फोडी वाळत नसतील तर कैऱ्या खारात घालाव्यात, आणि फणसाचे कच्चे गरेही. २०२५ साली आमच्या घरी आमसुले झाली नाहीत. आगळाच्या सहा बाटल्या आणि खारातल्या कैऱ्यांची एक बरणी भरली, आणि गणपतीपर्यंत त्यातल्या चार बाटल्या संपल्या होत्या.