बूट फ्लॉपी बनवायला बसण्याआधी

बूट फ्लॉपी म्हणजे जिच्यावरून लिनक्सचं मशीन सुरू करता येतं ती. एक नको, तीन घ्या. एक ऐनवेळी दगा देतेच. तिन्ही एफडीफॉरमॅट या लिनक्सच्या कमांडने नव्याने फॉरमॅट करा आणि पडताळणी शेवटच्या ट्रॅकपर्यंत जाऊ द्या. एक जरी बॅड सेक्टर (खराब तुकडा) निघाला तरी ती बाद. ‘कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथवर पोचणारच नाही’ असली आशा धरू नका.

मग जागेचा हिशोब. १.४४ एमबी नुसतं म्हणायला. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट. बूटलोडर (कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्राम), कर्नल आणि लागलाच तर इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची तात्पुरती फाइलसिस्टिम), सगळं एवढ्यात बसवायचं. त्यामुळे कर्नल स्वतः कंपाइल करून तयार हवा. साउंड, नेटवर्क, नको त्या फाइलसिस्टिम बिनधास्त उडवा. इनिटआरडी नसेल तर मात्र डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि रूट पार्टिशनची (डिस्कच्या ज्या भागात लिनक्स आहे त्याची) फाइलसिस्टिम मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल, करू नका, कर्नलमध्येच घ्या. डिस्क वाचायचं मॉड्यूल डिस्कवरच असेल तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणायची. मग पडद्यावर कर्नल पॅनिक आणि मशीन ठप्प, दुसरं काय!

जुन्या लेखांत कर्नल डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने थेट फ्लॉपीवर उतरवायला सांगतात. कर्नल २.६ पासून ती सोय गेली, बूटलोडर लागतोच. मी सिसलिनक्स हा बूटलोडर घेतो. लिलो हा दुसरा बूटलोडर कर्नलचे सेक्टर टिपून ठेवतो, म्हणून कर्नल बदलला की तो पुन्हा चालवावा लागतो. सिसलिनक्सची फ्लॉपी फॅट या डॉसच्या फाइलसिस्टिमची, त्यामुळे फाइल बदलली की काम झालं. फक्त नावं आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन यात बसवा.

सिसलिनक्सच्या कॉन्फिग फाइलसाठी रूट पार्टिशनचं नाव आधीच कागदावर उतरवून घ्या. कर्नल नवा असेल तर एचडीए१ चं एसडीए१ झालेलं असू शकतं. त्याच फाइलमध्ये प्रॉम्प्ट १ ठेवा, नाहीतर ऐनवेळी पॅरामीटर द्यायला थांबतच नाही. टाइमआउट सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. मी एकदा ५ लिहिलं आणि कीबोर्डकडे हात जायच्या आत मशीन सुरू झालं होतं. ५ सेकंद हवे तर ५० लिहा.

अनमाउंट केल्याशिवाय फ्लॉपी काढू नका. काढल्यावर कोपऱ्यातली खिडकी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. बायोसमध्ये फ्लॉपीचा नंबर पहिला लावा आणि जे मशीन सुरू करायचंय त्याच्याच ड्राइव्हवर दोनदा चालवून बघा. एका ड्राइव्हने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. कर्नलची आवृत्ती आणि रूट पार्टिशन लेबलवर लिहा, आणि तेही लेबल चिकटवायच्या आधी.